उसनं कार्ड

"थांब! ते बटण दाबू नको!"

तोताराम आबांनी रुपचंदचं मनगटच धरलं. पडद्यावर एक हिरवी इंग्रजी ओळ लुकलुकत होती.

"आबा, मी कुठं दाबतोय? मशीनच विचारतंय, फॉरमॅट करू का म्हणून."

"आणि केलं तर?"

"तर डिस्क चालू होईल. कोरी करकरीत. आतलं सगळं जाईल."

"मग जळो ते चालू होणं!"

रुपचंदचं दुकान म्हणजे जळगावातली एक बोळवजा खोली. त्याने आज हे तिसरं कार्ड लावून पाहिलं होतं. मशीन त्याच्या दोस्ताचं, लीलाधरचं. लीलाधर म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. उन्हाळ्यात पारोळ्याच्या रस्त्यावर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली आणि सगळा कारभार आटोपला. त्याच्यामागे घरात हे जुनं कॉम्प्युटर उरलं. उघडून पाहिलं तर डिस्कच्या दोन चपट्या वायरी आत नुसत्या लोंबकळत होत्या. त्या जिथे जोडायच्या ते कार्डच जागेवर नव्हतं.

"या डिस्कचं आणि त्या कार्डाचं लग्न लागलेलं असतं, आबा," रुपचंद हळू आवाजात म्हणाला. "ज्या कार्डाने लिहिलं त्यालाच ते वाचता येतं. लीलाधरने साफ करायला काढलं असणार. कागदात गुंडाळून ठेवायची सवय होती त्याला. घरात शोधा. आणि एक सांगून ठेवतो. या डिस्कची मोटर अडकते. आज हाताने झटका देऊन उठवली. पुढल्या वेळी उठली तर बंद करताना विचार करा. पुन्हा उठेल याचा भरवसा नाही."

आबांनी मशीन गोधडीत बांधलं आणि एसटीत मांडीवर घेऊन धुळ्याला निघाले. शेजारच्या बाईने विचारलं, टीव्ही आहे का? आबा हो म्हणाले. काय सांगणार?

खरं तर आत काय काय आहे याच्याशी त्यांना काडीचं कर्तव्य नव्हतं. त्यांना हवी होती ती फक्त एक चाल. मशीन चालू झालं की त्याच्या पोटातून चिमण्या आवाजात कानबाई देवीच्या गाण्याची चाल वाजायची. लीलाधरनेच ती डिस्कवर बसवली होती. एका जागी सूर घसरायचा, नेमका घसरायचा, आणि चुलीपुढून त्याची आई, शेवंताबाई, ओरडायची, "आठेच चुकस रे तू!" तो म्हणायचा, "उद्या सुधारस, माय." सुधारलं मात्र कधीच नाही. लबाड होता. आईने रोज ओरडावं म्हणूनच ठेवलं होतं त्याने ते.

ती शेवंताबाई आता बोलत नव्हती. पोराला नेलं तेव्हा रडली नाही आणि त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही. बायका येऊन गळ्यात पडून गेल्या, देवऋषी झाला, डॉक्टर झाला. वाढलं तर दोन घास खायची, एरवी भिंतीकडे तोंड करून बसायची. आबांनी कानबाईच्या गाण्यांची कॅसेट आणून लावली. चांगली पेटी-तबल्याची, गोड गळ्याची. ती उठून मागच्या दारी निघून गेली.  पोरगा गेला, आता ही पण चालली, असं आबांना त्या दिवशी वाटलं.

धुळ्यात देवपूरच्या घरी त्यांनी फडताळ, माळा, धान्याच्या कोठ्या, सगळं उलथंपालथं केलं. कार्ड नाही. थकून ओट्यावर बसले, समोरून कोणीतरी खांद्याला पिशवी अडकवून गेलं आणि ते ताडकन उठले.

पिशवी!

तेराव्याला दान दिलं होतं. गादी, छत्री, चपला, कपडे, आणि शेवंताबाईने शिवलेली लीलाधरची निळी पिशवी. आत काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. गेलेल्या पोराची पिशवी कोण उचकून बघणार? तेरावं करायला आलेल्या शालिग्राम बुवांनी पाण्याचा हात लावून सगळं उचलून नेलं होतं.

दान परत मागायचं! दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर आबांनीच चारचौघांत त्याची लाज काढली असती. पण गरज कसली लाज ठेवते? पायात चप्पल सरकवून ते पांझरेच्या काठी बुवांच्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"दिलेलं मागायला आलोय, बुवा. पाप लागत असेल तर मला लागू द्या. तुमच्या पाया पडतो."

बुवा उठून आत गेले. मग आतून निळी पिशवी घेऊन आले. तळाशी वर्तमानपत्राची पुडी होती तशीच.

"दान परत घेता येत नाही, आबा. मलाही परत देता येत नाही," बुवा म्हणाले. "उसनं न्या. काम झालं की आणून द्या."

आबांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात जन्म घालवला होता. घराएवढाली धुडं त्यांनी फिरवली होती. आणि आता त्यांच्यापुढे डिस्कचा विटेएवढा डबा होता. कार्ड बसलं, रुपचंदने सांगितल्याप्रमाणे वायरी लागल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क मात्र गप्प. त्यांनी बंद केलं, डबा तळहातावर घेऊन झटका दिला, पुन्हा लावलं. पुन्हा गप्प. परत झटका, परत बटण. घामाने सदरा पाठीला चिकटला.

"ऊठ ना रे बापा," ते पुटपुटले. "मन्हासाठी नही. तुना मायसाठी ऊठ."

आत काहीतरी कुरकुरलं, घरघरलं, आणि डिस्क फिरू लागली. लाल दिवा पेटला. पडद्यावर अक्षरं सरसर उमटली, आणि त्या चिमण्या आवाजात कानबाईची चाल सुरू झाली. पुढे सरकली, वर चढली, आणि नेहमीच्या जागी घसरली.

"आठेच चुकस रे तू..."

आवाज घोगरा होता. इतक्या महिन्यांत आबांनी तो ऐकला नव्हता. शेवंताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, मग तशीच खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. आबांनी तिला रडू दिलं.

रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. तिची नजर खुंटीला अडकवलेल्या निळ्या पिशवीवर गेली.

"ती पिशवी मी वयखी," ती म्हणाली. "बुवाकडथीन लयनात ना?"

आबांनी मान खाली घातली.

"दान दिधेल वस्तू घरमा ठेवानी नही. मी ऐकी लिधं. बंद करा आते, आणि ज्यानं शे त्याले दी या."

"बंद कयं तं परत उठाव नही ते, शेवंता."

"नही उठाव तं नही उठाव," ती म्हणाली. उठली, चुलीपाशी गेली आणि परातीत पीठ काढू लागली. "या मंग भाकरी खावाले."

आबांनी बटणावर बोट ठेवलं. डिस्क घरघरत होती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, पहिली भाकरी तव्यावर पडली, तिने पुन्हा हाक मारली, आणि आबा तिथेच बसून होते. बटण काही त्यांच्याने दाबवेना.