ठकीला लग्न करायचं नव्हतं

वकिलांनी नवराबायकोला पाठ करायला एकच वाक्य दिलं होतं: आमच्या मुलीला लग्न करायचं नव्हतं.

"बास, एवढंच," वकील म्हणाले. "उगाच फाटे फोडायचे नाहीत. का नव्हतं करायचं विचारलं, तर आईवडिलांना सोडून जायचं नव्हतं म्हणून. रडू आलं तर खुशाल रडा. पण वाक्य संपल्यावर."

नवऱ्याने ते वाक्य तिथल्या तिथे दोनदा म्हणून दाखवलं. ठकीच्या आईने नुसती मान हलवली.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची, म्हणून बापाने ठेवलेलं. पुढे तेहतिसाव्या वर्षापर्यंत घरात तेच चाललं. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या आणि कॅपा बनवायची. पेशंटच्या उरलेल्या दातांचा रंग बघून हुबेहूब तसा नवा दात घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सकाळी लॅबला जाताना सिमेंटच्या मिक्सरने सिग्नल तोडून तिच्या स्कूटरला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिली नाही.

चूक कुणाची यावर वाद नव्हता. ड्रायव्हरने कबूल केलं होतं. घोडं अडलं होतं दुसरीकडेच. विमा कंपनीचं म्हणणं, मुलगी लग्नाची होती, घरचे स्थळं बघत होते, वर्ष-दोन वर्षांत ती सासरी गेली असती आणि तिचा पगारही तिच्याबरोबर गेला असता. मग आईबापांचं नुकसान ते किती? दोन वर्षांचं. तेवढे घ्या आणि गप्प बसा. ठकीच्या आईबापांचे वकील म्हणत होते, मुलगी जन्मभर आईबापांजवळच राहणार होती, तेव्हा भरपाई जन्मभराची हवी. म्हणजे मेलेल्या पोरीचं लग्न लावायला विमा कंपनी निघाली होती आणि ते मोडायला तिचेच आईबाप.

या असल्या धंद्यात आपण पडलो याची ठकीच्या आईला शरम वाटायची. पण घरात दुसरी कमाई नव्हती. नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पंचेचाळिशीत त्याची पाठ धरली, त्याने दुकानाला कुलूप घातलं, आणि पुढे पाठ सुटली तरी कुलूप काही निघालं नाही. तेव्हापासून घर ठकीवर. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी लेकीची स्कूटर पुसून ठेवायचा, तिचे कपडे इस्त्री करायचा, तिच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघायचा. शेजारणी म्हणायच्या, बाप असावा तर असा.

आणि ते वाक्य अगदीच खोटं नव्हतं, अशी ठकीच्या आईने मनाची समजूत घातली होती. तीन स्थळं आली होती. तिन्ही वेळा माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. आठवड्याभराने नवरा फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि तोंड पाडून आत यायचा. "नाही म्हणाले." पहिल्यांदा कारणच सांगितलं नाही म्हणे. दुसऱ्या वेळी सांगितलं: मुलीचा वरचा एक दात पुढे आहे.

त्या दातावरून ठकीच्या आईने लेकीला काय कमी बोलून घेतलं होतं? हसताना तोंडावर हात धरत जा. माणसांसमोर एवढं खिदळायचं कशाला? ठकीने ऐकून घेतलं. मग एक दिवस ती सुजलेला ओठ घेऊन घरी आली. धडधाकट दात डॉक्टरकडून घासून घेतला होता आणि त्यावर स्वतःच घडवलेली कॅप बसवली होती. "अगं आई, सगळ्या गावाचे दात सरळ केले, माझाच तेवढा राहिला होता," म्हणाली. तिसरं स्थळ त्या कॅपसकट बघून गेलं. तेही नाही म्हणालं. त्यानंतर ठकीने हात जोडले. आता पुरे, म्हणाली. तेव्हा तिला लग्न करायचं नव्हतं, असं म्हटलं तर कुठे बिघडलं?

सुनावणीच्या दिवशी सकाळी नवऱ्याची साक्ष झाली. वाक्य त्याने शाळेतल्या हुशार मुलासारखं न अडखळता म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे नंतर रडला. रडणं मात्र खरं होतं. ठकीच्या आईची पाळी जेवणाच्या सुट्टीनंतर होती.

सुट्टीत ती बाहेरच्या बोळासारख्या लांब व्हरांड्यात आली, तर बाकावर लग्न जुळवणाऱ्या बाई बसलेल्या. ठकीचं नाव ह्यांच्याकडेच नोंदवलं होतं. विमावाल्यांनी त्यांना साक्षीला बोलावलं होतं. गुडघे धरून त्या कशाबशा उठल्या आणि त्यांनी ठकीच्या आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"माझ्यावर रागावू नका हो. नोटीस आली म्हणून यावं लागलं. नाव नोंदवलं होतं, तीन जण बघून गेले, एवढंच सांगणार मी. जास्त एक अक्षर नाही."

"सांगा की. खरं तेच आहे."

"जीव तुटतो हो माझा. इतकी गुणी पोर. तिघंही हो म्हणाले होते. तुम्ही जरा एकाला जरी होकार दिला असता ना, तर त्या दिवशी ती त्या रस्त्यावरसुद्धा नसती." बाईंनी डोळे पुसले. "जाऊ दे. होणारं चुकत नाही."

"कोण हो म्हणालं होतं?"

"तिघंही. तुम्हीच नाही कळवलंत ना? मी तर माझ्या बहिणीला म्हटलं, या लोकांना राजपुत्र हवाय."

"आम्ही?"

"म्हणजे तुमचे हेच. फोनवर हेच असायचे." आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे बाईंच्या आता ध्यानात येऊ लागलं होतं. पण सुटलेली जीभ आवरायची सवय त्यांच्या धंद्यात कुणालाच नसते. "तो दुसरा, चष्म्याच्या दुकानवाला, त्याने तर दोनदा विचारलं. परत एकदा बोलून बघा म्हणाला. हसते किती छान, म्हणाला."

"दाताचं काही बोलला?"

"दाताचं? छे हो. दाताचं कोण कशाला बोलेल?"

 आधी ठकीच्या आईला नुसती लाज वाटली, कारण पहिली आठवली ती तिची स्वतःची जीभ. मग राग आला.

नवरा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला डबा उघडून बसला होता. ती जाऊन समोर उभी राहिली.

"चष्मेवाला काय म्हणाला होता?"

नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. "आता हे काय काढलंस? वाक्य लक्षात आहे ना?"

"काय म्हणाला होता?"

"हळू बोल." त्याने डब्याचं झाकण लावलं. "अगं, एक वर्ष थांबू म्हटलं. मग म्हटलं आणखी एक. मी काय तिचा वैरी होतो? घर कुणी चालवलं असतं? तू?"

"आणि दात?"

"काहीतरी कारण सांगायला हवंच ना. मला काय माहीत ती खरंच घासून येईल." तो खाली बघत म्हणाला. मग पाण्याची बाटली पुढे केली. "पी थोडं. आत घसा कोरडा पडतो."

तिने बाटली घेतली नाही. या माणसाला शिव्या देऊन काही होणार नव्हतं. रडून तर नाहीच नाही. लेकीची आठवण काढली की हाही रडत होता, तिच्याहून जास्त. त्याला कळेल, लागेल, झोंबेल अशी जगात एकच गोष्ट होती, पैसा, आणि तो आज साक्षीच्या पिंजऱ्यात तिच्या हातात येणार होता. आपल्या पोरीला तिघांनी पसंत केलं होतं हे निदान एकदा, चारचौघांत, मोठ्याने सांगायचं. आणि याच्या पैशावर पाणी सोडायचं. आपल्याही पैशावर.

विमा कंपनीचे वकील तरुण आणि फार अदबीचे होते. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं. मग विचारलं, "तुमच्या मुलीला लग्न करायचं होतं का?"

"होतं."

तिच्या वकिलांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"मनापासून करायचं होतं," ठकीची आई म्हणाली. "तीन जण बघायला आले होते. तिघांनाही ती पसंत होती. तिला ते कधी कळलंच नाही. मलाही आत्ता, बाहेर बाकावर कळलं."

"धन्यवाद, बाई. माझे प्रश्न संपले." विमावाल्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यांनाच तो लपवता येईना.

"माझं संपलं नाही." ती न्यायाधीशांकडे वळली. न्यायाधीश उतारवयाचे होते, सर्दीने बेजार. त्यांनी रुमाल खाली ठेवून, बोला, अशी खूण केली. "साहेब, होकार देणाऱ्या तिघांना या माणसाने नाही कळवलं. आणि घरात येऊन पोरीला सांगितलं, तेच नाही म्हणाले. तुझा दात पुढे आहे म्हणाले. माझ्या पोरीने चांगला दात घासून घेतला त्यापायी. आणि तिच्या मागे मीच लागले होते. पगार घरात यायला हवा म्हणून चाललं होतं हे सगळं."

"चौथं स्थळ आलं असतं तर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चौथ्यालाही हाकललं असतं. पाचव्यालाही. हा माणूस जिवंत असेपर्यंत ठकी त्या घरातून बाहेर पडली नसती."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. नवरा खाली मान घालून बसला होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. ठकीच्या आईला ते बघून बरं वाटलं. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं. तिच्यामागून लग्न जुळवणाऱ्या बाई आल्या आणि, एक अक्षर जास्त नाही, नाही म्हणत तिच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा देऊन गेल्या.

त्या दिवसापासून घरात अबोला. नवरा ताट वाढलं की जेवायचा आणि तोंड फिरवून बसायचा. एकदाच म्हणाला, "स्वतःच्या हाताने घर जाळलंस." ती ठकीच्या खोलीत झोपायला लागली. पुढे काय खायचं, भाडं कुठून द्यायचं, तिला ठाऊक नव्हतं. धुण्याभांड्यांची कामं धरीन, म्हणायची मनाशी. पण रात्री झोप लागायची.

निकालाला वकिलांनी बोलावलं तेव्हा ती गेली ती एवढ्याचसाठी, की दोन वर्षांचे पैसे ऐकताना नवऱ्याचं तोंड कसं होतं ते बघावं.

न्यायाधीशांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी सावकाश वाचलं. वडिलांच्या साक्षीवर कोर्टाचा विश्वास नाही. मुलीला लग्न करायचं नव्हतं, हे धादांत खोटं आहे. ठकीच्या आईने मान ताठ केली. न्यायाधीश पुढे वाचत गेले. मात्र मुलीच्या आईने स्वतःचं नुकसान होत असताना दिलेली साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह आहे. त्या साक्षीवरून स्पष्ट दिसतं की वडिलांनी आलेलं प्रत्येक स्थळ परतवलं होतं आणि पुढेही परतवलं असतं. ते हयात असेपर्यंत मुलगी घराबाहेर पडली नसती. तेव्हा तिचं उत्पन्न आईवडिलांनाच मिळत राहिलं असतं. सबब लग्नापोटी कसलीही कपात न करता, मागितलेली भरपाई पूर्ण देण्यात यावी.

तिला आधी समजलंच नाही. समोर विमावाल्यांनी फाइल आपटली तेव्हा समजलं.

बाहेर आल्यावर तिच्या वकिलांनी तिला वाकून नमस्कार केला. "बाई, त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही केस बुडवलीत. माझं वाक्य धरून बसला असतात तर दोन वर्षांचेच मिळाले असते. तुम्ही खरं बोललात म्हणून सगळे मिळाले."

नवऱ्याचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी मूर्ख. मला वाटलं तू माझ्यावर उठलीस."

"उठलेच होते."

"असू दे गं." तो हसला, लाडाने. "आता कोण ऐकतंय?"

तिने वकिलांकडे बघितलं. आपण कशासाठी बोललो ते निदान या शिकलेल्या माणसाला तरी कळलं असेल, असं तिला वाटलं. वकील बॅगेतून कागद काढत होते.

"अर्धी रक्कम तुमच्या नावावर होईल," ते म्हणाले. "इथे सही लागेल."

"मला नको असेल तर?"

वकील थबकले. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तर मग तुमचा वाटाही यांनाच जाईल."

व्हरांड्यात वारा सुटला होता. कागद उडू नये म्हणून नवऱ्याने तो एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने टोपण काढून पेन तिच्यापुढे केलं. तिने सही केली.