चेंडू हवेत असताना

लालांच्या लाथेने चेंडू उंच उडाला आणि रेफरीबाईंची मानही त्याच्यामागे वर गेली. तिथेच घोळ झाला. रग्बीत चेंडू हवेत असला की पंचाने खालचे पाय बघायचे. कोण उडी मारतोय आणि कोण उडणाऱ्याच्या खाली नुसता घुसतोय, ते तिथेच कळतं. नवख्या पंचांना हे बाईच शिकवायच्या. मान खाली आली तेव्हा निळ्यांचा लांबू मानेवर आपटत होता आणि लालांचा बुटका त्याच्याखाली सापडला होता. बाईंनी शिट्टी फुंकली.

"लाल कार्ड, मॅडम! मानेवर पडलाय!" निळा कप्तान धावत आला.

"मीपण उडीच मारली होती," बुटका काकुळतीला आला. "माझी उंचीच एवढी, त्याला मी काय करू?"

तो खरं बोलत असेल तर गुन्हाच नव्हता. खोटं बोलत असेल तर लाल कार्ड आणि पुढचे सामने घरी बसून. आज त्यांची वरच्या श्रेणीची परीक्षा होती; त्यांच्या कॉलरवरच्या माईकमधलं सगळं परीक्षकांच्या कानात जात होतं.

माईक मुठीत दाबून त्या कडेला गेल्या. तिथे झेंडा घेऊन त्यांचा दीर रेषापंच म्हणून उभा होता.

"भावजी, बुटक्याचे पाय जमिनीवर होते का?"

"खरं सांगू, वहिनी? मी वरच बघत होतो."

"वा! शोभतो खरे एका घरातले."

"लाल देऊन मोकळ्या व्हा. सगळं मैदान तेच ओरडतंय."

"मैदानही वरच बघत होतं, भावजी."

त्या परतल्या. लांबू उठून बसला होता. डॉक्टर त्याची मान चाचपत होते. बाईंनी मूठ सोडली.

"कार्ड नाही. लाथ लालांची होती, स्क्रमही त्यांचाच."

"मग शिट्टी कशाला मारली?" कप्तान भडकला.

"तुझा माणूस पडला म्हणून. गुन्हा मला दिसला नाही."

"नव्हता, की दिसला नाही?"

"दिसला नाही."

गॅलरीतून शिव्यांचा भडिमार झाला. परीक्षकांनी कानातलं यंत्र काढून शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुज केली. श्रेणी हातची गेली, हे बाईंना कळून चुकलं.

दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटू लागले आणि स्क्रम फुटला. लालांनी पुन्हा चेंडू लाथेने आभाळात भिरकावला. बाईंची मान वर जायला तडफडत होती. त्या लांबू आणि बुटक्याच्या बुटांवर डोळे रोखून पळत राहिल्या.