पाळीची पाटी

आमच्या गल्लीच्या वळणावर दगडी जिझो आहेत, लेकराबाळांचे राखणदार. त्यांची सेवा अकरा घरांत फिरते. ज्या दारावर पाळीची लाकडी पाटी, त्या घरानं आठवडाभर पाणी बदलायचं, फुलं वाहायची आणि रविवारी पाटी पुढच्या पाळीच्या दारावर टांगायची. माझा नेम मात्र रोजचा. पाळी असो-नसो, जिझोंना हात जोडल्याखेरीज मी चहा घेत नाही.

शेजारचं विणकराचं घर आता लॉज झालंय, जुनं क्योतो बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्याचे व्यवस्थापक कुराहाशी तोक्योचे. पाहुण्यांची गाडी वळत नाही म्हणून जिझोंना देवळात हलवायचं त्यांनी ठरवलं, आणि आमचे गल्लीप्रमुख मुरासे हो म्हणून बसले.

"जुनं बघायला माणसं येणार, म्हणून जुनंच उचलायचं!" समोरची फुसा म्हणाली. "उद्या मलाही देवळात ठेवतील बघ. मीही वाटेतच बसते."

सोमवारी सकाळी देवळातले गुरुजी आले. मूर्ती हलवण्याआधी पाळीवाल्या घरानं अखेरचं पाणी ठेवायचं असतं.

"पाळी कुणाची?"

"माझी."

"मग ठेवा पाणी."

"रोजचं ठेवलंय. अखेरचं ठेवणार नाही."

आमच्याकडे तोंडावर 'नाही' असं कुणी म्हणत नाही. 'बघू हं' म्हटलं की समजायचं ते समजतात. मुरासेंच्या हातातला पंखा हलायचा थांबला.

"वहिनी, असं काय करता? बरं, राहू द्या. पुढची पाळी फुसाबाईंची, पुढच्या सोमवारी त्या ठेवतील."

"मी? या गुडघ्यांनी?" फुसा दारातूनच ओरडली.

"पाटी माझ्या दारावरून हलणारच नाही," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीसारखाच लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

कुराहाशी हसले. "काकू, किती दिवस अडवाल?"

"मला एकाहत्तरावं चाललंय. माझी आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. शेवटच्या सकाळीही तिनं इथं पाणी ठेवलं होतं."

गुरुजींनी विधीसाठी काढलेली घंटा पुन्हा फडक्यात गुंडाळली. "पाळीवाल्याच्या हातचं पाणी नाही, तर मला मूर्तीला हात लावता येत नाही," ते मुरासेंना म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी पाहुण्यांची गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबली. कुराहाशी दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन गल्लीत आले, मागून पाहुणे. वळणावर त्यांना अंग चोरून पुढं सरकावं लागलं.

"सावकाश या हं," मी म्हटलं.