अप्पांचं पाठांतर

माझे सासरे, उमाशंकर अप्पा, नळ गळताना दिसला की घर डोक्यावर घेतात. उदगीरला आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं. पण स्वतः न्हाणीघरात गेले की बादलीत बारीक धार सोडून अर्धा अर्धा तास इंग्रजीत बोलत राहतात. तीस वर्षं झाली. अप्पा फ्रीमेसन, म्हणजे आपले विधी गुप्त ठेवणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचे सभासद; लातूरच्या लॉजचे, म्हणजे तिथल्या शाखेचे, माजी मास्टर, म्हणजे प्रमुख. तिथल्या विधीचे शब्द तोंडपाठ हवेत आणि घरच्यांच्या कानावर जाता कामा नयेत, म्हणून ती धार. दार मात्र पत्र्याचं. सातवी पास सुनेला सगळं पाठ झालं, अर्थ सोडून.

मास्टर असताना काय केलंत, असं कुणी विचारलं तर अप्पा म्हणतात, "काई न्हाई." निलंग्याकडच्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या शिबिराला एसटीनं न्यायचं, पट्टी बांधलेल्या एकेकाला हात धरून गावच्या फाट्यावर उतरवायचं, हे त्यांच्या हिशेबी काई न्हाई. धम्मानंद सरांना लॉजमध्ये त्यांनीच घेतलं. दोघा-तिघांनी नाकं मुरडली तेव्हा म्हणाले, "आत सगळे भाऊ. भावाला जात विचारता का?"

यंदा तेच धम्मानंद सर मास्टर होणार होते. नव्या मास्टरला खुर्चीत बसवायचं काम माजी मास्टरचं. पण दिवाळीपासून अप्पा विसरायला लागले होते. गोळी घेतली का, चप्पल कुठं काढली. नांदेडचे माजी मास्टर शेषेराव फोनवर म्हणाले, "अप्पासाहेब, दगदग कशाला? विधी मी म्हणतो की."

"त्याला मीच बसवणार," म्हणून अप्पांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच, "जमंल का गं?"

"जमंल की."

"तुला काय ठावं?"

"मला काय ठावं," मी म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांना घेऊन लातूरला गेले. बायकांना आत जाता येत नाही. मी बाहेरच्या जेवणाच्या खोलीत. बंद दारासमोर महादेवप्पा लॉजच्या रिवाजाप्रमाणे तलवार धरून उभे. वीस वर्षं त्यांच्याकडे दाराचीच राखण.

"काका, बसा की. गुडघे दुखतेत ना?"

"तलवार घेऊन बसलं की भाजी चिरायला बसल्यावानी वाटतंय, बाई."

आत अप्पा बोलू लागले. शब्द नीट कळत नव्हते, पण चढ-उतार माझ्या ओळखीचे. आणि आवाज थांबला. नको तिथं. कुणीतरी शब्द पुरवला. अप्पांनी थोडं मागं जाऊन सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. कुणीतरी घसा खाकरला. शेषेराव असणार.

महादेवप्पांनी मान खाली घातली. "पुढचं मला येतंय. पण हितून बोलता येत न्हाई."

येत तर मलाही होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर अप्पांनी तीस वर्षं जपलेलं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं.

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला. नुसती हवा. मग जेवणासाठी आणलेला पाण्याचा जार दिसला. बेसिनखालची स्टीलची बादली दाराशी ओढली, वीस लिटरचा जार कमरेवर घेऊन वाकडा केला, बारीक धार धरली.

"बाई, काय करायलात?"

"पाणी सांडायलेय. तुम्ही दार बघा."

बादलीचं बूड वाजलं. आणि मग अप्पांचा आवाज आला, अगदी न्हाणीघरातल्यासारखा, अडलेल्या जागेवरून पुढं, सरळ. खांदा भरून आला तरी मी धार तुटू दिली नाही. शेवटी आत खुर्ची सरकली, टाळ्या झाल्या, तेव्हा जार खाली ठेवला.

जेवताना पाणी पुरलं नाही. शेषेरावांना ठसका लागला, तर गळ्यात नवं पदक घातलेले धम्मानंद सरच खाली जाऊन बाटल्या घेऊन आले.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी, मांडीवर लॉजमध्ये बांधायच्या एप्रनची पेटी, घरात कुणाला हात लावू न दिलेली.

"किती सांडलंस?"

"अर्ध्याच्या वर."

"लई झालं." मग पेटी माझ्या मांडीवर सरकवली. "धर जरा. हात दुखायलाय."

माझाही दुखत होता. धरली.