मामाच्या दवाखान्यात मी दोनदा

मी टू पॉइंट टू बोलतोय. कागदोपत्री दोन पूर्णांक दोन दशांश, पण एवढं कोण बोलतंय. आडनाव गॅमा. थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंगच्या चौथ्या पानावर, एका चौकोनाशेजारी राहतो. टिक केली की कामावर, काढली की घरी.

कॉम्प्युटर उजेडाचा हिशेब सरळ करतो. एका दिव्याचे दोन केले की उजेड दुप्पट. पण स्क्रीन कुचकी. मधले रंग दाबून अंधारे दाखवते. म्हणून ती जेवढं दाबणार, तेवढं मी आधीच वर उचलून ठेवतो. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच. मधल्यांचं मी बघतो, त्यांना दुसरं कोण आहे? अट एकच, मला एकदाच लावायचं.

माझी मालकीण म्हणजे ताई. नोकरी सोडून तिने घरी, जेवणाच्या टेबलावर काम सुरू केलं. पहिलं काम मामाचं. मामा दातांचा डॉक्टर. नव्या दवाखान्यात पेशंट बसायची खोली कशी दिसेल, त्याचं चित्र त्याला हवं होतं.

आईने बजावलं, "हे फसलं तर सोमवारी जुन्या ऑफिसात. साहेबांना मीच फोन करीन."

ताईला माझा पत्ताच नव्हता. चित्र अंधारं आलं, तिने दिवा वाढवला. मग अजून एक. आठवड्यात सदतीस झाले. एक कुंडीत, एक सोफ्याखाली. एक चक्क फिशटँकमध्ये.

मग चुकून माझ्यावर टिक पडली. खोली सूर्यावर गेल्यासारखी पांढरी झाली. "आई गं!" म्हणत तिने मला काढलं. माझा कामाचा पहिला दिवस चार सेकंदांचा.

पण पोरगी चिवट. शोधलं, वाचलं, एकेक दिवा काढला. खऱ्या खोलीत असणार तेवढे तीनच ठेवले आणि मला टिक केलं. काय सांगू! गर्द मरून सोफा, गडद हिरवी भिंत, कोपऱ्यात मऊ सावली. मी स्वतःवरच खूश.

घात झाला सेव्ह करताना. सेव्हच्या खिडकीत माझा धाकटा भाऊ राहतो. तोही टू पॉइंट टू. मला शोधताना ताईने दिसेल त्या गॅमावर टिक केली होती. भाऊ कामसू. मी उचललेलं त्याने पुन्हा उचललं. चित्र पिठाच्या डब्यात पडल्यासारखं झालं. ताईने ते न बघताच मामाला पाठवलं.

मग फोनवर उघडलं, तेव्हा कळलं. लगेच मामाला फोन.

"मामा, थांब! चूक झालीय!"

"कसली चूक? अगं, किती शांत वाटतंय! दाढ काढायला आलेला माणूस झोपेल इथे. रंगारी कामाला लागलासुद्धा."

आई शेजारीच उभी होती. ताईने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

महिन्याभरात खोली हुबेहूब झाली. फिकी भिंत, फिका सोफा, फिक्या कोटातला फिका कंपाउंडर. पहिल्याच दिवशी एक आजोबा सोफा समजून कंपाउंडरच्या मांडीवर बसले आणि नंबर येईपर्यंत उठले नाहीत. कंपाउंडर भिडस्त, त्याने बसू दिलं.

संध्याकाळी मामाचा फोन. "अगं, इथे माणूस दिसेना! कंपाउंडर राजीनामा देतोय!"

आता ताईने आईकडे बघितलंच नाही. "मामा, तेव्हाच सांगायला हवं होतं. उजेड मी दोनदा लावला. खरी खोली ही बघ." भावाची टिक काढून तिने चित्र पुन्हा पाठवलं.

मामा म्हणाला, "ही आधी का नाही दाखवलीस, गधडे? उद्या रंगाऱ्याला घेऊन तूच ये." मागून कंपाउंडर ओरडला, "सोफा आधी!"

आईने साहेबांचा नंबर लिहिलेला कागद उचलला आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.

मी अजून चौथ्याच पानावर आहे, टिक सांभाळून. एकच मागणं. सेव्ह करताना खाली नजर टाका. तिथे माझा भाऊ बाह्या सरसावून बसलेला असेल. त्याला मायेने सांगा, "बस रे बाळा, दादाने केलंय."