आजारपणाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी हिशेबाची वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, कोपरे दुमडलेली. आधीच सांगून टाकते, मी जात्याच भित्री. पाण्याला भिते, कात्रीला भिते, खोडरबराला तर फारच. पण ज्या भीतीची गोष्ट मी सांगणार आहे, ती या सगळ्यांहून मोठी होती आणि माझ्याच पानांत वाढली.

एका छापखान्याच्या मागच्या खोलीत मला जाड दोऱ्याने शिवलं. तिथून मी दुकानात आले आणि एका निवृत्त रोखपालांनी मला विकत घेतलं. त्यांच्या मुलीला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. जेवणाच्या टेबलावर मला उघडून त्यांनी पट्टीने रकाने आखले. घरभाडं, खाणं, बस, फोन, गरम कपडे, परतीचं तिकीट, आजारपण आणि सगळ्यात शेवटी ‘घरी’.

“भाडं तीन महिन्यांचं आगाऊ. पहिला पगार दीड महिन्याने. तोवर काय हवा खाऊन राहणार?” बाबांनी विचारलं.

“बाबा, मी शिकवायला चाललेय, लढाईवर नाही.”

“लढाईवर जाणाऱ्याला शिधा तरी मिळतो!”

मग त्यांनी तिला एक नियम सांगितला. पस्तीस वर्षं ज्या कचेरीत त्यांनी रोकड सांभाळली, तिथे महिनाअखेर खर्च न झालेली रक्कम हाती ठेवायची नाही, परत करायची, अशी पद्धत होती. ठेवली तर वरून विचारणा व्हायची. तेव्हा मुलीनेही कुठल्या रकान्यात काही उरलं तर ते ‘घरी’च्या रकान्यात न्यायचं आणि पाठवून द्यायचं. फक्त तिकिटाला हात लावायचा नाही. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट, इतके सरळ रकाने माझ्या अंगावर आखले म्हणून मी फुगले होते.

परदेशात आम्हाला एक अरुंद खोली मिळाली. स्वयंपाकघर सामाईक होतं. शेजारच्या खोलीत आपल्याच भाषेची एक ताई राहायची. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती. मुलगी दर खरेदीनंतर मला उघडून बसायची, म्हणून ताई तिला ‘वहीवाली’ म्हणायची. “अगं, साबणाची वडी आणलीस, सोनं नाही,” असं म्हणून हसायची.

शिकवणीच्या संस्थेत दिवसाला सहा तास असत. एकेका वर्गात पस्तीस जण आणि खिडकीखाली रहदारी. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून मुलगी घसा ताणून बोलायची. पगार तासावर होता. तास बुडला की पैसे बुडाले आणि लागोपाठ तीन दिवस बुडाले की करार रद्द. हे कलम तिने माझ्या पहिल्या पानावर उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा मला बोचायच्या.

दर रविवारी दुपारी घरी फोन व्हायचा. मुलगी मला मोठ्याने वाचून दाखवायची आणि बाबा तिकडे आपल्या वहीत खुणा करायचे. “आजारपण, परत,” असं ती महिनाअखेर अभिमानाने म्हणायची. “शाब्बास,” बाबा म्हणायचे. त्या पैशांतून आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची रक्कम जमत होती. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

पाचव्या महिन्यात तिचा घसा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर आला. ताई म्हणाली, “डॉक्टरला दाखव. घशाचा डॉक्टर आमच्याकडे मंगळवारी असतो.” मुलीने मला उघडलं. आजारपणाच्या रकान्यात फक्त चालू महिन्याची रक्कम होती आणि डॉक्टरची फी तिच्या तिप्पट. “पुढच्या महिन्यात बघू,” ती म्हणाली. पण महिना संपला तेव्हा ती रक्कमही नियमाप्रमाणे घरी गेली. मित्रांनो, मी ओरडून तिला थांबवलं असतं. पण वहीला कुठला आलाय आवाज? आणि तिचाही आता जात चालला होता.

मग खरी भीती सुरू झाली. वर्गात ती जमेल तितकं फळ्यावर लिहून भागवायची. पर्यवेक्षक दाराशी उभे राहून ऐकायचे आणि निघून जायचे. रविवारचे फोन आखूड झाले. पुढे ती “फोन नीट लागत नाही” असा निरोप बाबांच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर लिहून पाठवू लागली. घरी खरं सांगितलं तर आईचं ऑपरेशन अडेल, ही तिची धास्ती. नोकरी गेलीच, तर किती दिवस निघतील ते ती माझ्या समासात मांडायची. आधी सव्वीस आले, पुढच्या आठवड्यात एकोणीस, मग अकरा. अकराचे दोन्ही एके वाकडे आले होते. मी पानं घट्ट मिटून पडून राहायचे.

आठव्या महिन्याच्या अखेरीस एका रविवारी बाबांनीच फोन केला. तिने उचलला, तोंड उघडलं, पण नुसता श्वास बाहेर आला.

“हॅलो? अगं बोल ना. काय झालंय? बोल ना गं!”

ती रडत होती आणि रडण्यालाही आवाज नव्हता. ताईने येऊन फोन हातात घेतला. “काका, मी शेजारची. तिचा आवाज गेलाय. तीन-चार महिने दुखतंय, पण डॉक्टरकडे जातच नाही.”

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, “तिची वही असेल तिथे. आजारपणाचा रकाना वाचा जरा.”

ताई वाचू लागली. “पहिला महिना, परत. दुसरा, परत. तिसरा, परत. चौथा...”

“पुरे,” बाबा म्हणाले. “मीच सांगितलं होतं तिला. परत करायला मीच सांगितलं होतं.”

मागून आईचा आवाज आला. “माझे गुडघे थांबतील. तिचा गळा थांबायचा नाही. आजच्या आज पैसे पाठवा!”

पैसे आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठी धरल्या आहेत. आधीच आली असतीस तर नुसत्या विश्रांतीने भागलं असतं, आता कापाव्या लागतील. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर दीड महिना मौन. करार अर्थातच रद्द झाला. पुढे दुसऱ्या एका संस्थेने तिला छोटे वर्ग दिले आणि गळ्यात अडकवायचा माईक दिला. भाडं निघतं, पण समासातले ते आकडे मी अजून विसरलेले नाही.

मित्रांनो, लांब कुठे राहायला निघालात तर वही जरूर करा. पण आजारपणाच्या रकान्यातले पैसे कुणाला परत करू नका, अगदी आईबाबांनाही नाही. ते साठू द्या आणि दुखलं की त्याच आठवड्यात खर्च करा. हे मी इतकं कळवळून का सांगते आहे, तेवढं ऐका.

मौन संपलं त्या दिवशी मुलीने स्वतः घरी फोन लावला. घरचा फोन जुना, त्यावर नंबर दिसत नाही. बाबांनी उचलला.

“बाबा, मी बोलतेय,” ती म्हणाली. आवाज जाड होता, मधेच चिरकत होता.

“कोण?”

“मी, बाबा.”

बाबा परक्या माणसाशी बोलावं तसे अदबीने म्हणाले, “माफ करा, आपल्याला कोण हवंय?”