वेणीत अडकलेली कमान

गुलाब वेणीसारखा गुंफला, तिथंच हिराचं चुकलं.

कुरवंड्याच्या या बंगल्यात तो बागकाम करणाऱ्या तिच्या लेकीने, चैतालीने लावलेला. बंगल्याच्या बाईंनी त्याला चढायला मोरांची लोखंडी कमान आणली. "आई, फांद्या बाहेरून सुतळीनं बांधायच्या गं," असं लेक बजावायची. पण हिराचा अर्धा जन्म कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी देवीसाठी फुलांच्या वेण्या गुंफण्यात गेलेला. तीन वर्षांपूर्वी तापाने लेक गेली, बाग हिराकडे आली आणि हात आपसूक चालला. एक फांदी आत, एक बाहेर, मोराच्या गळ्यातून, पिसाऱ्यातून.

आता कमान कार्ल्याच्या एका रिसॉर्टला विकली होती. "गुलाब तुम्ही न्या, हिराबाई," बाई म्हणाल्या होत्या. हिरा पहाटेची पूजा आटोपून आली ती फांद्या सोडवायला बसली. एकही सुटेना. अंगठ्याएवढ्या फांद्यांत लोखंड रुतलेलं. हात रक्ताळले. सोमवारचा निर्जळी उपास, घसा कोरडा पडलेला.

वराळ्याचा वेल्डर गोरख टेम्पो घेऊन आला आणि बघतच राहिला.

"मावशी, कुणी घातली ही वेणी?"

"म्याच."

"मग फांद्या कापाव्या लागत्याल."

"लोखंड काप की, बाबा."

"ते इकलंय. मोर कापला तर रिसॉर्टवाला माजा पिसारा करंल." मग जरा हळू म्हणाला, "एक फांदी न्या. घरी लावा."

"दोन वर्सं लावून बघितल्या. कलमी हाय. एक धरली न्हाई."

गोरखने करवत काढली. हिराने ती मुठीत धरली. पातं हाताला लागत होतं, तिला त्याचं भान नव्हतं. पोरीच्या हातचं एवढंच उरलेलं.

"मुळासकट काढते," ती म्हणाली. "कमानीसंगं ने."

"आन तितं लावू दिलं न्हाई तर?"

"पाया पडंन."

"चैताचं ऊन हाय, मावशी. जगंल व्हय?"

ती खणत होती. मुळांची माती गळून पडत होती, ती ओंजळीने पुन्हा चेपत होती.

ओल्या गोणपाटातली मुळं मांडीवर घेऊन ती टेम्पोत मागे बसली. लोणावळा सोडायच्या आत पानं माना टाकू लागली. गोणपाट वाळलं. हिराने टपावर थाप मारली.

गोरखने गाडी बाजूला घेतली, स्वतःची बाटली पुढे केली. "उपास राहू द्या आज. घोटभर घ्या, मावशी. तोंड बघा कसं झालंय."

हिराने बाटली घेतली, सगळी मुळांवर ओतली.

"आजून हाय का रं?"